जावई फोन कापत नाहीत

श्टुटगार्ट,
रविवार

ती. नाना व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई रुसल्याचं दादाकडून कळलं. तिचं म्हणणं, ‘कायमचे परत कधी येणार?’ असं तिनं विचारलं रे विचारलं की व्हिडिओ कॉल तुटतो, आणि तो जावईबापूच टेबलाखालून हात घालून तोडतात. नाना, मी त्यांचं वकीलपत्र घेतलेलं नाही. त्यांच्यावर ठेवण्याजोगे आरोप माझ्याकडेच ढीगभर आहेत, पण हा त्यातला नव्हे. खरा आरोपी लॅपटॉपच्या पोटात सापडला: बावीस बाय तीस मिलिमीटरचं वाय-फाय कार्ड. तुमची सारी नोकरी विजेच्या खात्यात गेली, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते. आईला पचेल तेवढंच वाचून दाखवा.

पहिला संशय अर्थातच राऊटरवर. जावईबापूंना एकच उपाय येतो: प्लग काढायचा, दहा आकडे मोजायचे, प्लग लावायचा. त्यानं भागेना तेव्हा नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथं बराच वेळ पियानो ऐकवल्यावर एक बाई आल्या आणि त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, प्लग काढून दहा आकडे मोजलेत का? त्यात दादाचं तिकडून सुरू, ‘१९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर म्हणून मिरवता, आणि तुमच्याकडे साधं नेट नाही?’ राऊटर मात्र निर्दोष होता, कारण त्याच वेळी आतल्या खोलीत तुमच्या नातवाच्या मोबाइलवर क्रिकेट बिनधोक चालू होतं.

मग मी कालनिर्णय काढलं. तुम्ही ज्या चौकोनांत दुधाचा आणि सिलिंडरचा हिशेब लिहिता, त्यात कॉल कधी तुटला आणि तेव्हा काय चाललं होतं ते टिपायला लागले. महिना उलटायच्या आत सगळं उलगडलं. गप्पा सुरू होतात तेव्हा लॅपटॉप टेबलावर असतो, चार्जर लावलेला. आई आधी भाजीची चौकशी करते, मग नातवाच्या खोकल्याची. मग म्हणते, ‘तुळस दाखव बघू.’ मी चार्जर काढून लॅपटॉप बाल्कनीत नेते. तुळशीचं दर्शन झालं की आईला गहिवरून येतं आणि ती तो प्रश्न विचारते. म्हणजे प्रश्न यायला आणि लॅपटॉप बॅटरीवर असायला एकच गाठ पडते! चार्जर लावलेला असताना तोच प्रश्न तिनं विचारला, तेव्हा कॉल शाबूत राहिला होता. (उत्तर द्यायची वेळ जावईबापूंवर आली, ती गोष्ट वेगळी.)

आता कारण. चार्जर निघाला की लॅपटॉपला बचतीचा झटका येतो आणि तो स्वतःच्याच घरात भारनियमन सुरू करतो. पडदा मंद होतो आणि वाय-फाय कार्डाला सांगितलं जातं, काम नसेल तेव्हा डुलकी काढ. वाय-फायच्या पहिल्या, १९९७ च्या मानकापासून ही सोय आहे. कार्ड झोपलं की त्याच्यासाठी आलेला डेटा राऊटर स्वतःजवळ धरून ठेवतो आणि सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारा करतो, कुणाकुणाचं काय आलंय. कार्डानं नेमकं तेव्हा जागं व्हायचं आणि आपलं घेऊन जायचं. सगळे शिस्तीनं वागले तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण ड्रायव्हर म्हणजे कार्ड हाकणारा प्रोग्रॅम जरा सदोष असला किंवा राऊटरशी त्याचं जमलं नाही, तर हाका वाया जातात, आवाज तुटतो, आईचं तोंड उघडं तसंच गोठतं आणि शेवटी कॉल पडतो.

दुसरा प्रकार याहून वाईट. झाकण मिटून पुन्हा उघडलं की कधीकधी कार्ड गायबच! डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’, म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. झोपवलेलं कार्ड उठायलाच तयार नाही. जावईबापूंनी लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी ते नाहीच. मी ‘रीस्टार्ट’ केला, तर हजर! नाना, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केलेला लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. आतल्या यंत्रणेची अवस्था डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तीच पुन्हा उचलतो, दुखण्यासकट. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं मांडलं जातं.

उपाय तुमच्यासाठी लिहून ठेवते, दादाचा जुना लॅपटॉप तुमच्याकडेच आहे ना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’खाली वाय-फाय कार्ड शोधा. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिक असते, ती काढा. मग ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंगमध्ये ‘वायरलेस अ‍ॅडॅप्टर’ला बॅटरीवरही ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ द्या. तिथंच ‘पीसीआय एक्सप्रेस’खाली लिंकची वीजबचत ‘ऑफ’ करा. काही नव्या लॅपटॉपवर ही पानं दिसत नाहीत. तिथं लॅपटॉप बनवणाऱ्यांकडचा ताजा ड्रायव्हर बसवायचा. आणि लक्षात ठेवा, नवा ड्रायव्हर बसवला की काढलेली टिक कधीकधी परत उगवते.

हे मी इथल्या मालकीणबाईंना सांगायला नको होतं. हा श्वाबियन मुलुख, काटकसर यांच्या रक्तात. जिना झाडायची पाळी आली की दाराला ‘केअरवोखं’ची पाटी लागते आणि त्या आठवड्यात आपण झाडूला चुकलो तर बाईंची नजर आपल्याला चुकत नाही. ‘वीजबचत मुद्दाम बंद केलीत?’ त्या जवळजवळ भिंतीला टेकल्या. मग मी तुमच्या पद्धतीनं हिशेब मांडला: कार्ड फार तर दोन वॅट खातं. एक युनिट जळायला पाचशे तास लागतात, आणि युनिट इथं पस्तीस-चाळीस सेंटचं. बाई म्हणाल्या, ‘पण पाचशे तास बोलतं कोण?’ मी त्यांना आईचा फोटो दाखवला.

टिका काढल्यापासून बाल्कनीतूनही कॉल तुटलेला नाही. परवा प्रश्न येताच जावईबापूंनी आशेनं पडद्याकडे पाहिलं. आई तिथंच होती, पापणीही न लववता उत्तराची वाट बघत. शेवटी त्यांनी स्वतःच लॅपटॉपचं झाकण मिटायला हात पुढे केला, तेव्हा मी त्यांचा हात धरला. आईला हे सांगू नका.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची लाडकी,
ठकी

ता. क. नाना, फक्त तुमच्यासाठी: मावशीचा कॉल यायचा असेल त्या दिवशी ती टिक परत लावता येते. चार्जरही काढून ठेवा.