अडीच फुटी चंद्र

गेल्या सोमवारी सकाळी, बालाघाट स्टेशनाबाहेरच्या टपरीवर, दुसरा चहा अर्धा संपलेला असताना काकाजींनी जाहीर केलं की चंद्रावर पाठवलेली ती गाडी मुळात आपल्या छोट्या लाईनसाठी बनवलेली होती.

कुणी हसलं नाही. काकाजींच्या खिशात टेप असतो. लोखंडी, पिवळा, खटकन आत जाणारा. ज्याच्या खिशात टेप आहे त्याच्याशी वाद घालायला आपल्याकडेही टेप लागतो, आणि तो टपरीवर दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यांनी टेप ओढला, बाकड्यावर ठेवला आणि म्हणाले, "चांद्रयान-3 चा रोव्हर किती रुंद? 750 मिलिमीटर. छोटी लाईन किती? 762. आता तुम्हीच सांगा जी, हे कायले जुळते?"

आम्ही काय सांगणार? जुळतंय खरं.

इतर गावांतल्या टपऱ्यांवर असे जे काकाजी असतात त्यांना विषय असतात. आमच्या काकाजींना विषय नाही, माप आहे. क्रिकेट असो, निवडणूक असो, अवकाश असो, कुणाच्या जावयाची सिंगापूर ट्रिप असो, सगळं शेवटी रुळावर येतं. त्यांच्या लेखी जग दोन प्रकारचं आहे: अडीच फुटी आणि साडेपाच फुटी. छोटी लाईन आणि मोठी लाईन. मधले तीन फूट म्हणजे भारतीय लोकशाही.

खेळांत ते रमतात. स्टंपची उंची 28 इंच, छोटी लाईन 30 इंच. लहानपणी पोरं दोन रुळांवर स्टंप आडवा ठेवून पाहायची आणि तो दोन इंचांसाठी खाली गिट्टीवर पडायचा, हे त्यांच्या बालपणातलं एकमेव दुःख आहे. पण खरा साक्षात्कार झाला तो पिचचा. पिच 22 यार्ड, म्हणजे 66 फूट. मोठी लाईन 66 इंच. काकाजी ते दिवसभर सांगत फिरले. मग कुणीतरी पोरानं, बहुधा गंमत म्हणून, सांगितलं की 1970 मध्ये कान्हाच्या जंगलात बारशिंगे मोजले तेव्हा तेही 66 च भरले होते. झालं. पुढचे दोन आठवडे टपरीवर दुसरं काही चाललं नाही. 66 फूट, 66 इंच, 66 बारशिंगे. "हे योगायोग नाही," काकाजी म्हणायचे, "हे नियोजन आहे." कोणाचं नियोजन, ते विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. विंबल्डन सुरू झालं तेव्हा कळलं की टेनिसचं जाळं मध्यभागी बरोबर तीन फूट उंच असतं, आणि काकाजी गप्प झाले. बराच वेळ टीव्हीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पाहा बा. तीन फूट ओलांडाले त्याईले एक सेकंद लागते. चेंडू टाकला, पार. आपल्याले पाव शतक लागलं."

तेवढं लागलंच. लाईन रुंद करायची मंजुरी गेल्या शतकातली आणि जबलपूरपर्यंत सलग मोठी लाईन या शतकाची वीस वर्षं खाऊन झाल्यावर. वर्षाला दीडेक इंच. याहून वेगानं आमच्याकडे बांबू वाढतो.

राजकारणावर काकाजी थोडक्यात बोलतात, कारण त्यावर टेप नीट लागत नाही. तरी एक मोजमाप त्यांनी केलेलं आहे. प्रत्येक निवडणुकीत, कुठल्याही पक्षाचा असो, उमेदवार मंचावर दोन्ही हात फैलावून सांगायचा, "इतनी बड़ी लाईन लाएँगे." मध्यम बांध्याच्या माणसाचे दोन्ही हात फैलावले की बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण साडेपाच फूट भरतात. म्हणजे उमेदवार खोटं बोलत नव्हता. माप अचूक दाखवत होता. फक्त निवडणुकीनंतर हात खाली येत. एकदा मी त्यांना 1956 बद्दल छेडलं. 1 नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इथेच मध्य प्रदेशात राहिलो, आणि आमची राजधानी एका रात्रीत नागपूरहून भोपाळला गेली. आम्ही कुठंही न जाता आमचा प्रवास अडीच-तीनपट वाढला, हा जगातला एकमेव प्रवास असावा. काकाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण रूळ कोन्या बाजूनं होते?" रूळ गोंदियाच्याच बाजूनं होते. आजारी माणसं आजही तिकडेच जातात. अर्ज भोपाळला जातात.

आणि इथं मला प्रवासाबद्दल बोलायचं आहे, काकाजींचा टेप जरा बाजूला ठेवून.

हल्ली थंडी पडली की नागपूरला विमानातून उतरून मोटारीनं कान्हाला जाणारी मंडळी वाटेत चहाला थांबतात. मुक्की गेट गाठायचं असतं, वाघ दिसेल की नाही याची चिंता असते, आणि स्टेशन पाहिलं की त्यांना एकदम गहिवरून येतं. "इथं ती छोटी ट्रेन होती ना? किती गोड! ठेवायला हवी होती." गोड! काकाजी तर अशा वेळी टेप काढून त्यांना जागच्या जागी गोडवा मोजून दाखवतात, आणि ती मंडळी फोटो काढतात. मी काही बोलत नाही, पण आज बोलतो. छोटी लाईन गोड नव्हती. विसावं शतक उजाडत होतं तेव्हा घातलेली ती लाईन शतक संपलं तरी तीच होती, आणि तिचा अर्थ एकच होता: कुठंही जायचं असेल तर मध्ये उतरा. माझ्या आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला झालं. परत नैनपूरला न्यायचं. मोठी गाडी उशिरा आली, छोटी तिची वाट न बघता निघून गेली, कारण ती छोटी असली तरी तिचं वेळापत्रक तिचं स्वतःचं होतं. रात्र गोंदिया जंक्शनवर. डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी, एक वळकटी, एक पिंप, एक मी. पूल चढताना तिला मी पाठीवर घेतलं. ती वजनानं काहीच नव्हती, पण तिच्या हातात पिंप होतं आणि ते ती सोडत नव्हती. सकाळी छोटी मिळाली. दर पंधरा मिनिटांनी आत्या विचारायची, "बालाघाट आलं का रे?" आणि गाडी इतकी सावकाश होती की उत्तर देऊन झाल्यावरही खिडकीबाहेर तेच पळसाचं झाड असायचं. मग पुढं काही वर्षांनी लाईन रुंद झाली, ती फक्त बालाघाटपर्यंत. म्हणजे आधी गोंदियाला उतरावं लागायचं, आता बालाघाटला. उतरणं गेलं नाही, घराजवळ आलं. याचे पेढे वाटले गेले. 2015 च्या शेवटी पलीकडची छोटीही बंद झाली, मोठी यायची होती, आणि मधली वर्षं आम्ही बसच्या शेवटच्या सीटवर काढली, जिथं माणूस बसत नाही, उडतो. भरवेलीच्या खाणीतून मँगनीज निघतं, मलाजखंडातून तांबं निघतं. त्यांना कुठं जायचं ते ठरलेलं असतं आणि ते तिथं पोचतं. दगड पोचतो हो! दगडाला कुणी म्हणत नाही, "उतर, आणि पूल चढून पलीकडे जा." आणि हे लोक म्हणतात ठेवायला हवी होती. ठेवली आहे. नागपूरच्या मोतीबागेत जुनी इंजिनं ठेवली आहेत. ज्या गाडीत निम्मा जिल्हा बिनतिकीट बसायचा ती बघायला आता तिकीट आहे, आणि निम्मा जिल्हा ते काढतो.

असो. चंद्र राहिला.

काकाजींचं गणित मी घरी जाऊन तपासलं. रोव्हरचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. तासाला 36 मीटर. बालाघाट ते गोंदिया चाळीसेक किलोमीटर. म्हणजे तो 26 किलोचा रोव्हर छोट्या लाईनीवर ठेवला, कुठंही न थांबता चालवला, तर गोंदियाला पोचायला 46 दिवस. आणि चांद्रयान 14 जुलै 2023 ला निघून 23 ऑगस्टला चंद्रावर उतरलं. 40 दिवस. गोंदियापेक्षा चंद्र सहा दिवसांनी जवळ आहे. मी हे टपरीवर सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच काकाजींनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. "आणि तथं उतरून गाडी बदलावी लागली?" मी म्हटलं, लागली, लँडरमधून उतरून रोव्हर. "मंग," ते समाधानानं म्हणाले, "जंक्शनच आहे तेही." तिथं उतरून रोव्हर दहाएक दिवसांत शंभर मीटर चालला. ही तर आमची पॅसेंजरच.

पण त्यांची झोप उडाली आहे ती दुसऱ्याच गोष्टीनं. 762 वजा 750. बारा मिलिमीटर. "लाईन 762 ची," ते टेपवर नख टेकवून विचारतात, "मंग गाडी 750 ची काहून? हे बारा मिलिमीटर कोनं खाल्ले?" चहावाल्यानं सुचवलं की थंडीत धातू आकसतो. पेपरवाल्यानं सुचवलं की प्रत्येक कामात एवढं तर जातंच, दोन टक्केही नाही, उलट कौतुक करायला हवं. काकाजींनी दोघांनाही धुडकावलं. त्यांनी अर्ज लिहायला घेतला. आधी मराठीत लिहिला, मग लक्षात आलं की मराठी अर्ज घेणाऱ्याची कचेरी 1956 सालीच हलली, म्हणून मी त्याचं हिंदी करून दिलं. विषय: चंद्रमा पर 12 मि.मी. की कमी के संबंध में. खाली काकाजींची सही, चहावाल्याची, पेपरवाल्याची, आणि माझीही, कारण आत्याचं पिंप अजून माझ्या घरी आहे.

गुरुवारी आम्ही अर्ज घेऊन गेलो. बाबूनं चष्मा वर केला, अर्ज पूर्ण वाचला, उलटून कोरी बाजूही वाचली, मग आवकचा शिक्का मारला आणि पेन हातात घेऊन विचारलं, "वॉर्ड नंबर?"