विहीणबाईंचं तांबडं घर

अहो वहिनी, धुणं वाळत घालून झालं असेल तर या जरा कुंपणापाशी. केव्हाची बघतेय, तुमच्या फाटकाशी रंगवाल्याची स्कूटर उभी आहे. सूनबाई हॉल पांढरा करून घेतायत म्हणे? कामवाल्या मावशी सांगत होत्या हो, मी काही डोकावून बघितलं नाही. पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, कोपऱ्यात एकच झाड आणि टेबलावर नुसता रिकामा वाडगा. स्कँडिनेव्हियन म्हणतात ना त्याला? करू दे की, हौस आहे. पण मी आत्ताच तिकडे अख्खा उन्हाळा काढून आलेय, आणि लेकीच्या सासरी याच पांढऱ्या रंगावरून जे महाभारत झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आमच्या विहीणबाई स्टॉकहोमला राहतात. तिथला त्यांचा फ्लॅट सूनबाईंच्या मोबाइलमधल्या फोटोसारखाच. भिंती पांढऱ्या, खाली फिकट पाइनच्या फळ्या, सामान बेताचं. पण त्याला कारण आहे. डिसेंबरात तिथे दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. मग मिळेल तेवढा उजेड घरात खेळावा म्हणून भिंती पांढऱ्या, खिडक्यांना जाड पडदे नाहीत, आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक छोटा दिवा, शेजारी जिरेनियमची कुंडी. रस्त्यानं जाणाऱ्याला अख्खं घर दिसतं हो! कुणी ढुंकून बघत नाही म्हणे. आपल्या गल्लीत असं घर असतं तर... जाऊ दे. सांगायचं एवढंच, की त्यांना उजेडाचा दुष्काळ आणि आपल्याकडे त्याचा महापूर. पश्चिमेचं ऊन त्या नव्या भिंतीवर पडलं की सूनबाईंना गॉगल लावून टीव्ही बघावा लागेल. मी म्हणाले म्हणून सांगू नका हं तिला.

आणि कान इकडे करा, एक गंमत सांगते. तिथे नवरा-बायकोचा पलंग एक, पण पांघरुणं दोन! लेकीच्या खोलीत बघितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, यांचं काही बिनसलंय की काय? मग विहीणबाईंकडे बघितलं तर तिथेही दोन. सगळ्या देशाची तीच पद्धत. रात्रीची ओढाओढ नाही, भांडण नाही. मला पटलं बाई. घरी आल्यावर ह्यांना सुचवून बघितलं, तर ते तोवर घोरायला लागले होते.

पण विहीणबाईंचा जीव काही त्या फ्लॅटात नाही. तो आहे दालार्ना प्रांतातल्या घरात, तळ्याकाठी. जून सरत आला की सगळं शहर पळतं बाहेर. नोकरदारांना वर्षाची पाच आठवडे रजा, आणि त्यातले चार आठवडे सलग जून ते ऑगस्टमध्ये घ्यायचा कायद्यानं हक्क. जुलैत कुणालाही फोन करा, उचलणार नाहीत. कोटभर लोकवस्तीच्या देशात सुट्टीची घरं सहा लाखांच्या आसपास आहेत! आणि बंगले समजू नका हं. आपल्या आउटहाउसएवढी लाकडी घरं. बाहेरून गडद तांबडी, कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या पांढऱ्या.

तो तांबडा रंग कुठून येतो, तर जवळच्याच फालुनच्या तांब्याच्या खाणीतून. तांबं काढून उरलेल्या मातीत लोखंडाचा अंश, ती भाजून, दळून केलेला रंग. त्यात राय नावाच्या धान्याचं पीठ, जवसाचं तेल, हिराकस आणि पाणी. अहो, चक्क खळ शिजवतात! लाकडावर थापला की आतला ओलावा बाहेर पडू देतो, म्हणून फळी कुजत नाही. दहा-पंधरा वर्षं बघायला नको. जुन्या काळी विटांची घरं श्रीमंतांची, म्हणून लाकडाला विटेचा रंग द्यायची हौस. म्हणजे शेजाऱ्याकडे बघून रंग काढायची खोड जुनीच, आपण उगाच सूनबाईंना नावं ठेवायला नकोत. खाण 1992 साली बंद झाली, पण रंग अजून निघतोय. त्या खाणीची गोष्ट तर अंगावर काटा आणते. 1687 साली अख्खी खाण आत कोसळली, केवढा तो खड्डा, मी कठड्याशी उभी राहून बघितला. आणि माणूस एकही मेला नाही. का? तर त्या दिवशी मिडसमर, त्यांचा उन्हाळ्याचा सण, आणि खाणीला सुट्टी! तिथली माणसं सुट्टी इतकी मनावर का घेतात ते मला तिथेच कळलं.

आता घराच्या आत चला. नळ नाही. पाणी अंगणातल्या हातपंपाचं. संडास लांब झाडीत, लाकडी खोपट्यात. आणि आत भिंतीवर कोण? राजे कार्ल गुस्ताफ आणि राणी सिल्विया, चौकटीत, हसतमुखानं! मला इतकं अवघडल्यासारखं झालं की विचारू नका. विहीणबाई म्हणाल्या, अहो, पुष्कळांकडे असतं, त्यात अपमान नाही, आपुलकी आहे. असेल बाई. मी मात्र आत गेले की पाठ करून बसायची.

कपबश्या एका घरच्या नाहीत, एकीला कान नाही, एकीला टवका. स्वयंपाकघरातलं टेबल आयकिआचं, आपल्या तुर्भ्याला 2020 साली आली ना, तीच कंपनी. पण हे टेबल विहीणबाईंच्या वडिलांनी 1965 साली स्टॉकहोमला त्यांचं दुकान उघडलं तेव्हा पाय सुटे करून गाडीच्या टपावर बांधून आणलेलं. अजून खडखडीत आहे. जमिनीवर चिंध्यांच्या सतरंज्या. आपली आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, तसंच डोकं तिथंही चाललेलं, फक्त त्यांनी चिंध्या मागावर विणल्या. एका सतरंजीत जावयाचा शाळेतला निळा सदरा आहे, एकीत त्याच्या आजोबांच्या पायजम्याच्या पट्ट्या. विहीणबाई बोट ठेवून ठेवून दाखवत होत्या, हा अमका, ही तमकी. मग एक दिवस त्या सगळ्या सतरंज्या तळ्याकाठी नेल्या, लाकडी धक्क्यावर गुडघे टेकून बसल्या, पाइनच्या तेलाचा पातळ साबण ओतला आणि ब्रशनं अशा घासल्या की आपल्या धोबीघाटावर शोभावं. मीही पदर खोचला. भाषा येत नव्हती तरी दोघींची खूप बोलणी झाली.

आणि त्या घरातलं मुख्य माणूस म्हणजे कपाट. हसू नका, ऐका. त्या भागात पूर्वी फिरते रंगारी असायचे. गावोगाव हिंडून कपाटं, घड्याळं, भिंती रंगवायचे. भोपळ्याच्या वेलासारखी एक प्रचंड फुलांची नक्षी, निळ्या-तांबड्या-पिवळ्या पाकळ्या नुसत्या उसळत वर गेलेल्या. कुर्बित्स म्हणतात तिला. बायबलमधल्या कथा काढायच्या, पण माणसांच्या अंगावर कपडे दालार्नाचेच. आपले कलावंत रामाला मराठी पागोटं घालायचे ना, तेच. विहीणबाईंच्या कपाटाच्या दारावर तसं झाड आहे आणि खाली साल रंगवलंय 1831. बिजागरीपाशी रंग उडून खालचं लाकूड दिसतं, पण त्याला हात लावायची कुणाची टाप नाही.

कुणाची म्हणजे, भावजयीची सोडून. इथून खरी गंमत.

घर विहीणबाई आणि त्यांचा भाऊ, दोघांच्या नावावर. आठवडे वाटून घेतलेले. तिकडे हे घरोघरी चालतं, आणि भावा-बहिणींची तोंडं फिरतात ती बहुतेक अशा घरांवरूनच, असं लेक सांगत होती. भावजय स्टॉकहोमची, बोलायला गोड, नखं कापलेली, सगळं करड्या रंगात. तिचा आठवडा संपवून ती गेली, आणि आम्ही पोचतो तर ओसरीत पांढऱ्या रंगाचा भला मोठा डबा. स्वयंपाकघरात ओढून पलंग होणारा जुना लाकडी बाक आहे, त्यावर जावई लहानपणी झोपायचा, त्याला चिठ्ठी बांधलेली: जुन्या बाजाराला. आणि कपाटाच्या दारावर पेन्सिलीनं बारीक फुली!

आपल्याकडे असतं तर काय झालं असतं? फोन, आरडाओरडा, मावशीला मध्यस्थी. तिथे चिठ्ठ्या. इमारतींच्या सामायिक धुलाईघरात सुद्धा कुणी दुसऱ्याच्या वेळेत मशीन लावलं की भिंतीवर चिठ्ठी चिकटते, ही तिकडची जुनी रीतच. विहीणबाईंनी कपाटावर चिठ्ठी लावली, लेकीनं मला वाचून दाखवली: "हे कपाट आपल्या घरात माझ्या पणजीच्या आधीपासून आहे. ब्रश उचलण्याआधी मला कळवावे. स्नेहपूर्वक." पुढच्या खेपेला तिच्याच खाली भावजयीचं सुबक अक्षर: "पणजी आता हयात नाहीत. उजेडाची गरज हयात माणसांना असते. स्नेहपूर्वक." बाई बाई बाई! आवाज नाही, शिवी नाही, आणि घाव बघा कसा.

मग विहीणबाईंनी काय केलं, आम्हाला सगळ्यांना गाडीत घातलं आणि सुंडबॉर्नला नेलं, भावजयीलाही बोलावून. तिथे कार्ल लार्सन या चित्रकाराचं घर आहे. 1888 साली सासऱ्यांनी दिलेलं. म्हणजे जावयाला घर देणारे सासरे तिकडेही होतेच. बायको कारिन, तीही रीतसर शिकलेली चित्रकार, पण मुलंबाळं झाली आणि कुंचला सुटला. मग तिनं ते घरच रंगवायला घेतलं असं समजा. पडदे विणले, उशा भरल्या, खुर्च्यांचे नमुने काढून गावच्या सुताराकडून करून घेतल्या. नाव झालं नवऱ्याचं. 1894 च्या उन्हाळ्यात पाऊस थांबेना, नवरा घरात वैतागून बसलेला, तेव्हा म्हणे तिनंच सुचवलं, बाहेर जाता येत नाही तर घराचीच चित्रं काढ. त्या चित्रांचं पुस्तक 1899 साली निघालं आणि स्वीडिश घर कसं असावं हे साऱ्या जगाला त्याच्यावरून कळलं. आणि वहिनी, ते जेवणघर तांबडं आणि हिरवं आहे! तांबडं आणि हिरवं, शेजारी शेजारी, आपल्या इरकली लुगड्यासारखं भडक आणि तरी डोळ्यांना गार. ते घर आजही वंशजांच्या संस्थेच्या ताब्यात आहे, उन्हाळ्यात लोक रांगा लावून बघतात. विहीणबाई त्या जेवणघरात भावजयीच्या शेजारी नुसत्या उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. भावजय छताकडे बघत होती.

मला मात्र भावजयीचंही थोडं पटतं. वरच्या माळ्याच्या खोलीत खरंच अंधार आहे, एकच वीतभर खिडकी. तिथे मारा की पांढरा. मी तसं लेकीला म्हटलं, तर ती म्हणाली, आई, तू मध्ये पडू नकोस.

मिडसमरला सगळे जमले. तो सण 19 ते 25 जूनच्या मधल्या शुक्रवारी येतो. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करतात, आणि त्याभोवती थोरामोठ्यांनी फेर धरून बेडकासारख्या उड्या मारायच्या. साठीच्या बायका हो! जेवायला व्हिनेगरात मुरवलेले हेरिंग मासे, शेपू घालून उकडलेले नवे बटाटे, आंबट साय, वर स्ट्रॉबेरीचा केक. मी बटाट्यांवर निभावलं. शेपूची भाजी नुसती खातो आम्ही, असं सांगितलं तर त्यांना ते औषध वाटलं. सूर्य दहा वाजून गेले तरी मावळायचं नाव घेईना, डास मात्र वेळेवर. बायका डोक्यावर फुलांची चक्रं घालून, अंगावर घोंगडी पांघरून बाहेरच बसलेल्या, कारण उन्हाळा म्हणतात त्याला पण गारठा आपल्या डिसेंबरचा. विहीणबाई आणि भावजय एकमेकींचा हात धरून बेडूक झालेल्या मी या डोळ्यांनी बघितल्या. कपाटाचं नाव नाही. रात्री शेवटी भाऊ बोलला. माळा पांढरा करा, कपाटाला हात नाही, बाकाचं पुढच्या वर्षी बघू.

आता पुढच्या वर्षी मिडसमरचा आठवडा भावजयीच्या वाट्याला. डबा अजून अर्धा भरलेला ओसरीतच आहे. आणि बाक विहीणबाईंनी निघताना चुपचाप आमच्या जावयाच्या गाडीत चढवला, दोन्ही पाय खिडकीबाहेर. भावजयीला अजून पत्ता नाही. कळलं की लेक फोन करणारच, मग सांगते तुम्हाला.