आजचे मीटर कळवले का?

पिंपरी-चिंचवडमध्ये रिक्षा मीटरवर चालत नाहीत. माणसे चालतात.

पहाटे साडेपाचपासून आमच्या सोसायटीच्या व्यायाम ग्रुपवर मीटर पडायला लागतात. एका काळ्या पडद्याचा फोटो येतो. त्यावर ५००० मीटर, चोवीस मिनिटे आणि काही सेकंद. नेमके किती सेकंद ते कळत नाही, कारण जिममधली ट्यूबलाइट बरोबर त्याच आकड्यावर चमकलेली असते. खाली लिहिलेले असते, 'आज जरा कमीच झाले.' हे वाक्य वाचून समोरच्याने 'कमी कुठे, जबरदस्त!' असे लिहायचे असते. ते साडेपाचलाच लिहायचे असते. साडेसातला लिहिले तर तुम्हाला त्यांचे बघवत नाही, असा अर्थ होतो.

ज्यांच्या सोसायटीत अजून रोइंग मशीन आलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वल्हवण्यातून नाव, नदी आणि वारा वजा केल्यावर जे उरते ते रोइंग मशीन. सरकती सीट, हातात दांडी, दांडीला चेन आणि चेनच्या टोकाला जाळीत कोंडलेला पंखा. माणूस पुढेमागे घसरतो आणि जिथे होता तिथेच राहतो. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात डिक आणि पीटर ड्रायसिगॅकर या भावांची कन्सेप्ट टू ही कंपनी आधी वल्ही बनवायची. १९८१ साली त्यांनी पहिले मशीन काढले, त्यात चक्क सायकलचे चाक होते. सायकलचे चाक, चेन आणि वेल्डिंग मशीन भोसरीच्या जे ब्लॉकमधल्या कुठल्याही शेडमध्ये मिळेल. तरी हा शोध आपल्याकडे लागला नाही, कारण घाम गाळत एकाच जागी बसून राहण्याची सोय चाकणच्या रस्त्यावर फुकट आहे.

'मग नदीतच का नाही जात?' असे फक्त बाहेरगावचे पाहुणे विचारतात. नद्या आपल्याला तीन आहेत. पवना मधून जाते, मुळा आणि इंद्रायणी कडेने. उन्हाळा लागला की पवनेत जलपर्णी इतकी माजते की बगळे पाण्यावरून चालत पलीकडे जातात. इंद्रायणीला आळंदीत फेस येतो, त्याच्या बातम्याही येतात. तिकडे बॉस्टनची चार्ल्स नदी हिवाळ्यात गोठते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार घातला तेव्हा त्यांच्या संघातले रोइंगवाले रिकामे राहिले, आणि त्यांच्यातल्या काहींनी तिथेच मशीनवरच्या शर्यती सुरू केल्या. त्या शर्यतीत जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून हातोडा देतात. चाकणमध्ये हातोड्यासाठी एवढे दमावे लागत नाही, स्टोअरमध्ये स्लिप भरली की मिळतो.

खरे रोइंग आपल्या शहराला अगदीच परके आहे असेही नाही. दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या भिंतीआड सैन्याचे रोइंग केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. २०१२ साली तो सैन्यात गेला, वल्हे हातात आले आणि तो पुण्यात तयार झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये भारताकडून तो एकटा होता, एकूण तेरावा आला. २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक घेतले. मेट्रोने फुगेवाडीवरून जाताना आमच्या ग्रुपमधली माणसे त्या भिंतीकडे आदराने बघतात आणि मग स्वतःचे सकाळचे मीटर चार ठिकाणी फॉरवर्ड करतात. रिओच्या तेराव्या क्रमांकाखाली कुणी एवढे अंगठे टाकले असतील असे वाटत नाही.

दोष माणसांचा नाही, गावाचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात एमआयडीसी आली, पुढे चाकण झाले. तेव्हापासून इथला माणूस दिवसाच्या शेवटी वरच्याला आकडा कळवतो. किती निघाले, किती रिजेक्ट, लाइन किती मिनिटे बंद. तीन पिढ्या असे केल्यावर व्यायाम नुसता करून गप्प बसणे जमेल कसे? आमचे ॲडमिन क्वालिटीतून निवृत्त झालेले साहेब आहेत. त्यांनी फॉरमॅट दिला आहे: नाव, फ्लॅट नंबर, मीटर, वेळ, शेरा. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही. मीटर कालच्यापेक्षा कमी भरले तर पाच वेळा 'का' विचारतात. मीटर कमी का? झोप झाली नाही. झोप का नाही? उशिरा जेवण झाले. उशिरा का? पाहुणे होते. चौथ्या-पाचव्या 'का'ला जे खरे कारण निघते ते बहुधा बायकोच्या माहेरचे असते, आणि ग्रुपवर बायकोही असते. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांचे मूळ कारण 'हवामान' आहे.

यापेक्षा मोठा वाद दिवसाचा. फोनमधला दिवस रात्री बाराला संपतो. कारखान्यातला दिवस पहिल्या शिफ्टला सुरू होतो आणि तिसरी शिफ्ट सुटली की संपतो. आता चाकणला तिसऱ्या शिफ्टला असलेला लातूरकडचा एक पोरगा सकाळी आठला घरी येतो, मशीनवर बसतो आणि मग झोपतो. त्याचे म्हणणे, हे मीटर कालचे धरा, कारण माझा काल अजून संपलेला नाही. ॲडमिन म्हणाले, तारीख बदलली की विषय संपला. पोरगा म्हणाला, सर, तुम्ही नोकरीत असताना तिसऱ्या शिफ्टचे प्रॉडक्शन कुठल्या तारखेला लावत होता? ग्रुपवर शांतता पसरली. मग एका आयटीवाल्याने विचारले की त्याची टीम अमेरिकेची वेळ पाळते, तर त्याचा दिवस कधी संपतो? याचे उत्तर त्याच्या घरच्यांनाही हवे आहे. शेवटी ठरले की आमच्या ग्रुपचा दिवस सकाळी साडेसहाला सुरू होईल. त्यामुळे साडेपाचला व्यायाम करणारे सगळे आता कालच्या तारखेत आहेत, आणि ती मंडळी दुखावली आहेत.

मशीनच्या पंख्याला बाजूने एक खटका असतो, एक ते दहा आकड्यांचा. आत हवा किती जाऊ द्यायची ते तो ठरवतो. आमच्याकडे तो कायम दहावर असतो. कुणी चारवर आणला तर पुढचा माणूस मोठ्याने 'हे कोणी कमी केले?' असे विचारतो. मशीन बनवणारेच सांगतात की सुरुवात तीन ते पाचवर करा. पंखा किती लवकर मंदावतो हे मशीन प्रत्येक ओढीला स्वतः मोजते आणि तुमच्या खऱ्या जोरावरच मीटर देते, दहावर ठेवले म्हणून एक मीटर जास्त मिळत नाही, फक्त कंबर धरते. हे मी एकदा समजावून सांगितले. त्यावर जळगावकडचे एक काका म्हणाले, 'भाऊ, दहा दिलंय तं वापरायलाच दिलंय ना?' या युक्तिवादाला अभियांत्रिकीत उत्तर नाही.

हिशेब मोठा निर्दय आहे खरा. ५०० मीटरला अडीच मिनिटे लागत असतील तर तुम्ही साधारण १०४ वॅट काढता. तेच अंतर दोन मिनिटांत करायचे तर २०३ वॅट लागतात. वेग सव्वापट, ताकद जवळजवळ दुप्पट. पर्चेसमधल्या एका मित्राला हे सांगितले तर तो म्हणाला, या रेटने मी कुणालाच ऑर्डर दिली नसती. तो तेव्हापासून अडीच मिनिटांवरच आहे आणि ग्रुपमध्ये एकटाच खूश आहे.

मशीन एक आणि माणसे पुष्कळ, म्हणून ज्यांना मशीन मिळत नाही त्यांच्यासाठी क्रॉस ट्रेनिंग आले. क्रॉस ट्रेनिंग म्हणजे रोइंग सोडून बाकी जे काही केले ते. सुरुवातीला लोक पोहणे, सायकल, दुर्गा टेकडी असे कळवत होते. मग लिफ्ट बंद पडलेल्या दिवशी जिने आले. मग पिठाची गिरणी आली, दळण खांद्यावरून आणले म्हणून. एकाची कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकली, तो उतरून गेटपर्यंत चालत गेला आणि त्याने त्याचे किलोमीटर टाकले. तेव्हा बसमध्ये बसून राहिलेल्यांनी विचारले की आम्ही तेवढाच वेळ संयम ठेवला, त्याचे काय? ॲडमिनने मग रूपांतराचा तक्ता काढला. अमुक जिने म्हणजे तमुक मीटर, एवढ्या बैठका म्हणजे तेवढे मीटर. दळणाचा निर्णय राखून ठेवला आहे.

याच तक्त्यावरून भोसरीच्या एका आजोबांचा अपमान झाला. भोसरी हे पैलवानांचे गाव, आणि आजोबांनी सारे तारुण्य तालमीत काढलेले. लेकाकडे राहायला आले आहेत. पहाटे गच्चीवर पंचा नेसून जोर काढतात, बैठका मारतात, आमच्यातले बहुतेक जण तेव्हा फोटोसाठी ट्यूबलाइटचा कोन बघत असतात. त्यांचे नाव ग्रुपवर घातले. विचारले, आजोबा, आज किती? आजोबा म्हणाले, आकडा सांगत नसतात, दृष्ट लागते. ॲडमिन म्हणाले, मग निदान स्क्रीनशॉट? आजोबांकडे बटनांचा फोन आहे. त्या आठवड्याच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे शून्य लागले, आणि शेऱ्यात 'सुधारणेस वाव' असे लाल अक्षरात आले. आजोबांना ते कुणी दाखवलेले नाही. त्यांना आमच्यापैकी कुणालाही उचलून बाजूला ठेवता येते.

देखभालीचेही एक दुखणे आहे. चेनला ठरावीक तासांनी तेल द्यायचे असते. मूळ कंपनी म्हणते, पन्नास तासांनी एकदा. आमच्या सोसायटीत मेंटेनन्सची इतकी माणसे आहेत की एक कारखाना चालेल. कोणते तेल, किती, कापडाला लावून की थेट, यावर ग्रुपवर सविस्तर चर्चा झाली. एकाने तेल देण्याची कार्यपद्धती पीडीएफमध्ये पाठवली, दुसऱ्याने त्यात सुरक्षेचा मुद्दा राहिल्याचे दाखवले, तिसऱ्याने तेलाची जबाबदारी कुणाची याचा तक्ता मागितला. चेन अजून कोरडीच आहे आणि मशीन उसाच्या चरकासारखे ओरडते.

खंडेनवमीला मात्र मशीनकडे सगळ्यांचे लक्ष जाते. त्या दिवशी भोसरीपासून चाकणपर्यंत लेथ, प्रेस, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना हळदकुंकू लागते, तर आमच्या मशीनने काय घोडे मारले आहे? झेंडूचा हार थेट पंख्याच्या जाळीवर घातला. पूजेच्या दिवशी यंत्र चालवायचे नसते, म्हणून त्या दिवशी सगळ्यांचे मीटर शून्य. दसऱ्याला पहाटे पहिल्याच माणसाने जोरात ओढले आणि जाळीत अडकलेल्या पाकळ्या जिमभर उडाल्या. त्याने व्हिडिओ काढला, छान आला. त्यानंतर कित्येक दिवस ज्याची वेळ बिघडली त्याने शेऱ्यात 'झेंडू' लिहिले. हवामानाच्या जोडीला दुसरे कारण मिळाल्याचे ॲडमिनलाही समाधान होते.

हे सगळे मी सहन करतो. अंगठे वेळेवर टाकतो, 'जबरदस्त' लिहितो, शेराही भरतो. माझी तक्रार एकच आहे, आणि ती मी कमिटीला लेखी दिलेली आहे. व्यायाम संपल्यावर माणूस मशीनवरून उठत नाही. तो तिथेच बसून फोटो काढतो. ट्यूबलाइट येते म्हणून परत काढतो. मग फोटोखाली काय लिहायचे याचा विचार करतो, लिहितो, खोडतो, पाठवतो आणि पहिला अंगठा येईपर्यंत थांबतो. आलेल्या अंगठ्यांना नमस्कार पाठवतो. वीस मिनिटांचे रोइंग असले तर पंधरा मिनिटांचे पत्रव्यवहाराचे काम असते, आणि मागे टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या माणसाची साडेसहाची बस चुकते. कमिटीचे उत्तर आले की सूचना चांगली आहे, कृपया ग्रुपवर टाकावी.

तेव्हा इथेच टाकतो. कोणत्याही सोसायटीत राहत असाल, कितीही मीटर झाले असतील, खटका कितीवरही असेल, तरी हात जोडून विनंती आहे की आधी मशीनवरून उठा, सीट पुसा आणि मग खुशाल दाराशी उभे राहून जगाला कळवा. पहिला अंगठा मी टाकीन.