खोक्यावरची चिन्हं ठरवणाऱ्या साहेबांना

सा. न. वि. वि.

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर वाय-फाय, ब्लूटूथ, एनएफसी, एचडीएमआय अशी चिन्हांची रांग कोण लावतं, मला ठाऊक नाही. पण आपण जे कोणी असाल ते परोपकारी असणार. गिऱ्हाइकाकडे रिकामा वेळ फार, तो कसा घालवावा याची त्याला विवंचना, हे आपण अचूक ओळखलंत.

वाय-फायचंच घ्या. मुंजीच्या मांडवात बटूची आत्या म्हणते, "अरे, मातृभोजनाचा फोटो टाक की ग्रुपवर." मी बटण दाबतो. कॅमेरा स्वतःचं नेटवर्क उभं करतो आणि टिकलीएवढ्या अक्षरांत पासवर्ड दाखवतो. चष्मा शोधून तो मी फोनमध्ये भरतो. फोन जोडला जातो न जातो तोच शंका काढतो: इथे इंटरनेट नाही, तरी राहायचं का? अरे बाबा, कॅमेऱ्यात इंटरनेट कुठून येणार! उत्तराला जरा उशीर झाला, की फोन गुपचूप मोबाइल डेटावर पळतो आणि अ‍ॅप जाहीर करतं, कॅमेरा सापडत नाही. तो माझ्या हातात असतो. फोटो एकदाचा येईपर्यंत भिक्षावळ उरकलेली असते आणि आत्यानं कुणाच्या तरी फोनवरचा फोटो टाकून ढीगभर अंगठे गोळा केलेले असतात.

ब्लूटूथ त्यामानाने गुणी आहे. फोनकडून जागेची नोंद घेऊन ती फोटोला चिकटवतं, ते खरोखर उपयोगी. मात्र काही अ‍ॅप आपोआप पाठवतात ती प्रत अवघ्या २ मेगापिक्सेलची असते. वीस मेगापिक्सेलचे पैसे घेऊन दोनच पोचते करायचे, हा व्यवहार आमच्या भुसाऱ्यालाही जमलेला नाही.

मायक्रो एचडीएमआयचं भोक आपण ठेवलंत. त्यात बसणारी वायर अख्ख्या वाड्यात कुणाकडे नाही. चार्जिंगच्या भोकाबद्दल तर ज्यानं त्यानं आपापला संप्रदाय काढला होता. शेवटी युरोपीय संघानं कायदाच केला: २८ डिसेंबर २०२४ पासून तिथं विकायच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांना टाइप-सी सक्तीचं. जे आपल्या मीटिंगमध्ये सुचलं नाही, ते सरकारी बाबूंना सुचलं. बाबूंबद्दल असं लिहायची वेळ पुन्हा येईलसं वाटत नाही.

आपल्या कल्पकतेला तोड नाही, हे मात्र मान्य. २००९ साली निकॉननं कूलपिक्स एस१०००पीजेमध्ये चक्क प्रोजेक्टर बसवला. उजेड १० ल्युमेन, चित्र फार तर ४० इंची, तेही खोलीत मिट्ट काळोख असेल तर. २०१२ मध्ये सॅमसंगनं कॅमेऱ्यात अख्खं अँड्रॉइड घातलं. त्यात सिमकार्ड बसे, फोन तेवढा लावता येत नसे!

आता तरुण मंडळी पुन्हा छोट्या कॅमेऱ्यांमागे लागली आहेत आणि आपलं काम सोपं झालं आहे. कॅननचा २०१६ मधला इक्सस २८५ एचएस २०२५ मध्ये नावापुढे 'ए' लावून परत आला. डोळ्यांत भरणारा बदल एवढाच, की एसडी कार्डाच्या जागी नखाएवढं मायक्रोएसडी. अमेरिकेत २१० डॉलरच्या आसपास मिळणारी वस्तू ३८० च्या घरात गेली. मुरलेलं लोणचंही एवढं महाग होत नाही.

तेव्हा मागणं थोडकं आहे. खोक्यावर एकच चिन्ह छापा, टाइप-सीचं. आत हातभर वायर टाका, एक टोक कॅमेऱ्यात आणि दुसरं फोनमध्ये जाईल अशी. ना पासवर्ड, ना खातं, ना 'आमच्या सेवेबद्दल आपलं मत'. आणि टायमरमधली ती सोय काढू नका, ज्यात फोटो काढणारा पळत येऊन चौकटीत शिरला, त्याचा चेहरा दिसला, की मगच फोटो निघतो. आमच्याकडे फोटो काढणारा कायम अल्बमच्या बाहेर राहायचा, तो तिच्यामुळे आत आला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मेनूत हरवलेला एक गिऱ्हाईक

ता. क. कुणी हसलं की आपोआप फोटो काढणारी जी सोय २००७ पासून आहे, ती बंद कुठून करतात तेवढं उलट टपाली कळवा. आमच्या घराण्यात फोटोत हसायची पद्धत नाही, आणि काका उन्हात उभे आहेत.