नवे कार्ड ठामपणे चुकीचे कसे जोखावे

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळांच्या मागच्या बाकांवर डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे चालायची, तेव्हा कार्डाची ताकद ठरवायला डोके लागत नसे. ती छापूनच येई. पैलवानाची उंची, वजन, छाती, दंड आणि रँक. ज्याचा आकडा सरस त्याने समोरच्याचे कार्ड घ्यायचे, विषय संपला. भांडण झालेच तर ते कार्ड लपवल्यावरून व्हायचे. कार्ड चांगले की वाईट यावर कुणी कुणाशी अबोला धरल्याचे ऐकिवात नाही.

ही सोय अमेरिकेत १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या डॉक्टरेटवाल्याने मोडीत काढली. त्याने रचलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये कार्डावर आकडे असतात, पण ते फसवे असतात. प्रत्येकी वीस जीव, किमान साठ कार्डांची गड्डी, हातात सात कार्डे, दर डावाला एक नवे कार्ड उचलायचे आणि एक जमीन मांडायची. जमिनीतून ‘मॅना’ मिळतो आणि तो खर्चून बाकीची कार्डे खेळता येतात. नियम एवढेच असते तर बरे झाले असते. पण प्रत्येक कार्ड आपला वेगळा नियम घेऊन येते आणि आजवर निघालेल्या वेगवेगळ्या कार्डांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली आहे. नवा संच बाजारात येण्याआधी त्यातली कार्डे थोडी थोडी करून दाखवली जातात. मग जगभरचे खेळाडू ती न खेळताच त्यांना गुण देऊ लागतात.

प्रस्तुत मार्गदर्शन त्याच दिवसांसाठी आहे. ज्यांना अचूक अंदाज बांधायचा आहे त्यांना याचा उपयोग बेताचाच होईल. ज्यांना अंदाज ठामपणे बांधायचा आहे, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे.

परीक्षकाने कार्ड हाती घेताच मधला मजकूर वाचावा आणि उजव्या कोपऱ्यातल्या किमतीकडे बघू नये. किंमत बघितली की मत बिघडते. पहिल्याच संचात पाच कार्डांची एक मालिका होती. पाचही एकेका मॅनाची आणि पाचही ‘तीन’ देणारी. पांढरे ‘हीलिंग सॅल्व्ह’ तीन जीव देई, हिरवे ‘जायंट ग्रोथ’ एखाद्या प्राण्याला डावापुरते तीन-तीनने फुगवी, लाल ‘लायटनिंग बोल्ट’ तीनचा तडाखा देई, काळे ‘डार्क रिच्युअल’ तीन मॅना देई आणि निळे ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ तीन कार्डे. कागदावर समान वाटप. भावांच्या वाटणीत एकाला घर, एकाला शेत आणि एकाला आजोबांची छत्री मिळावी आणि तलाठ्याने ‘प्रत्येकी एक नग’ अशी नोंद करावी, तसे.

त्यातले निळे कार्ड आज खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत बलाढ्य नऊ कार्डांत मोजले जाते. लायटनिंग बोल्ट तीस वर्षांनंतरही उत्तम समजले जाते. हीलिंग सॅल्व्ह हा विनोदाचा विषय आहे. कारण साधे आहे. दर डावाला एकच कार्ड मिळणाऱ्या खेळात एका मॅनात तीन कार्डे म्हणजे तीन डाव आगाऊ पदरात पडणे, आणि तीन जीव म्हणजे समोरच्याचा एखादा फटका फुकट जाणे. गारफिल्डला हे कळत नव्हते असे नाही. पाचांपैकी निळे तेवढेच त्याने दुर्मीळ ठेवले होते. लोक हौसेने चार पाकिटे घेतील, अशी ताकदवान कार्डे मित्रमंडळींत एखाद्याकडेच असतील, असा त्याचा हिशेब होता. लोकांनी पाकिटे नव्हे, खोकी घेतली.

किंमत बघायचीच झाली तर परीक्षकाने तिच्यावर अक्षरशः विश्वास ठेवावा. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘ट्रेझर क्रूझ’ आले. तीन कार्डे उचला, किंमत आठ मॅना. आठ मॅना जमेपर्यंत बहुतेक सामने संपून खेळाडू चहाला गेलेले असतात, तेव्हा हे कार्ड निकालात काढायला हरकत नव्हती. फक्त खाली एक बारीकशी सवलत होती: वापरून स्मशानात पडलेले प्रत्येक कार्ड कायमचे हद्दपार केले की किमतीतला एक मॅना माफ. ज्या गड्ड्यांत स्वस्त कार्डे भराभर खेळली जातात त्यांचे स्मशान तिसऱ्या-चौथ्या डावातच भरते. म्हणजे आठाचा भाव फळ्यावर, व्यवहार एका मॅनात. जे अँसेस्ट्रल रिकॉल पुन्हा कधी छापायचे नाही असे ठरले होते, तेच मागच्या दाराने, तेही अगदी सामान्य दर्जाचे कार्ड म्हणून, घरात आले. जानेवारी २०१५ मध्ये दोन प्रमुख स्पर्धाप्रकारांत त्याच्यावर बंदी आली आणि तिसऱ्यात एकच प्रत ठेवण्याची मुभा उरली.

जिवाच्या बाबतीत परीक्षकाने घरच्या वडीलधाऱ्यांचे ऐकावे. शिर सलामत तो पगडी पचास. जीव खर्चायला लावणारे कार्ड दिसले की नाक मुरडावे. १९९५ च्या ‘आइस एज’ संचातल्या ‘नेक्रोपोटन्स’बद्दल अनेकांनी हेच केले. त्याची वागणूकही सावकारासारखी: दर डावाला हक्काने मिळणारे कार्ड बंद, त्याऐवजी एक जीव द्या आणि डाव संपताना एक कार्ड घ्या, हवी तेवढी घ्या. वीस जिवांच्या पुंजीतून असा खर्च कोण करील? वर त्या काळी ‘ब्लॅक व्हाइस’ नावाचे एक स्वस्त यंत्र सर्रास दिसे, जे हातात चारहून जास्त कार्डे धरणाऱ्याला दर डावाला चिमटे काढी. अशा गावात हात भरून घेणे म्हणजे दागिने घालून रात्रीच्या पॅसेंजरने जाणे.

मग ब्लॅक व्हाइसवर निर्बंध आले. नेक्रोपोटन्सचे एक अक्षर बदलले नव्हते, बदलले ते गाव. आणि खेळाडूंच्या एक गोष्ट ध्यानात आली: वीस जिवांपैकी सामना ठरवणारा जीव एकच असतो, शेवटचा. उरलेले एकोणीस हे चलन. १९९६ चा उन्हाळा खेळाच्या इतिहासात ‘ब्लॅक समर’ म्हणून नोंदला गेला, कारण स्पर्धांत समोर बसेल तो नेक्रोपोटन्स घेऊन बसे किंवा त्याच्यावरचा उतारा घेऊन. परीक्षकाने या घटनेतून एवढाच बोध घ्यावा की चूक गावाची होती.

‘लायन्स आय डायमंड’चे उदाहरण देणे टाळावे, पण कुणी दिलेच तर माहिती असावी. १९९६ चे हे कार्ड फुकट खेळता येते आणि तीन मॅना देते, पण त्यासाठी हातातली सगळी कार्डे फेकावी लागतात. म्हणजे पगार हाती पडला आणि त्याच क्षणी बाजारपेठ बंद. कचरा म्हणून ते कितीतरी जणांच्या खोक्यात तळाशी गेले. पुढे स्मशानातून खेळता येणारी कार्डे आली, तेव्हा हात फेकणे हे नुकसान न राहता सोय ठरली. आज त्याच्या एका प्रतीला काहीशे डॉलर मोजावे लागतात.

आता वजाबाकीकडे. कार्डावर उणे चिन्ह दिसले की परीक्षकाने ती उणीव समजावी. खुद्द कंपनीच्या तज्ज्ञांनी हे करून दाखवले आहे. २००४ च्या ‘डार्कस्टील’ संचात ‘स्कलक्लॅम्प’ नावाचे हत्यार होते. एका मॅनात मांडायचे, एका मॅनात कुठल्याही प्राण्याला चढवायचे आणि तो प्राणी मेला की दोन कार्डे उचलायची. हत्यार चढवल्यावर प्राण्याचे बळ एकने वाढे. तग धरण्याचा आकडाही मुळात वाढायचा होता. छपाईच्या आधी अगदी उशिरा तिथे अधिकचे उणे झाले. बळ अधिक एक, तग उणे एक. कागदावर हे हत्यार थोडे दुबळे झाले.

टेबलावर काय झाले ते सावकाश बघण्यासारखे आहे. समोर एक क्षुद्र गोब्लिन आहे, बळ एक, तग एक. खेळाडू एक मॅना देतो आणि त्याला स्कलक्लॅम्प चढवतो. बळ दोन, तग शून्य. तग शून्य म्हणजे गोब्लिन जागीच गतप्राण. दोन कार्डे हातात. हत्यार टेबलावर तसेच, पुढच्या गोब्लिनची वाट बघत. पुन्हा एक मॅना, पुन्हा दोन कार्डे. मूळ आखणीत समोरच्याने प्राणी मारेपर्यंत थांबावे लागले असते. उणे एकने ते थांबणेच काढून टाकले आणि फुकटात मिळणाऱ्या चिल्लर प्राण्यांचे रूपांतर रोखीत केले. फेब्रुवारीत आलेल्या या कार्डावर जूनमध्ये बंदी आली.

जे समजत नाही त्याला हसावे, हा नियम सगळ्याच क्षेत्रांत उपयोगी पडतो. २००७ मध्ये ‘टार्मोगॉयफ’ आले, दोन मॅनांचा प्राणी. त्याचे बळ म्हणजे सगळ्या स्मशानांत मिळून किती प्रकारची कार्डे पडली आहेत तो आकडा. खालच्या कंसात त्या प्रकारांची यादी होती आणि तीत ‘प्लेन्सवॉकर’ हा प्रकार होता, जो तोवर खेळात अस्तित्वातच नव्हता. लोकांचे सगळे लक्ष त्या एका शब्दावर गेले. दोन मॅनांत चार-पाच बळाचा प्राणी मिळतो आहे हे बाजूलाच राहिले. दोन मॅनांना बळ दोन, तग दोन हा बाजारभाव पहिल्या संचातल्या ‘ग्रिझली बेअर्स’ने केव्हाच ठरवून दिला होता, आणि ताडून बघायला अर्धे मिनिट पुरले असते. सुरुवातीला काही डॉलरला मिळणारे हे कार्ड पुढे दोनशे डॉलरच्या घरात गेले.

कुठलाही प्राणी नापास करायचा असेल तर ‘अहो, पण हा मरतो’ हे ब्रह्मास्त्र वापरावे. समोरच्याकडे मारण्याचे कार्ड असेल तर प्राणी मरतो, हे निर्विवाद आहे. टार्मोगॉयफही मरत असे. मेल्यावर काय हिशेब उरतो, समोरच्याचे किती मॅना गेले, आल्याआल्या प्राण्याने काही देऊन ठेवले होते का, हे प्रश्न विचारणाऱ्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा.

उलट एखादे कार्ड पास करायचेच असेल तर ते फक्त एका प्रसंगी डोळ्यांसमोर आणावे: आपण आधीच जिंकत असताना. ‘लिमिटेड रिसोर्सेस’ या पॉडकास्टमधून गाजलेली ब्रायन वाँगची रीत सांगते, की कार्ड चार प्रसंगी तपासावे: सुरुवातीला, बरोबरीत, पुढे असताना आणि मागे असताना. रीत चांगली आहे, पण तिच्यामुळे आवडती कार्डे नापास होतात. सात मॅनांचा ड्रॅगन आपण पुढे असताना देखणा दिसतो. दोन जीव उरलेत, हातात तो एकटा आणि टेबलावर तीनच जमिनी, अशा वेळी तो हातातून टक लावून बघत बसतो.

इतके करूनही कधी अंदाज बरोबर येण्याची भीती वाटली, तर परीक्षकाने कंपनीच्या अनुभवाचा आधार घ्यावा. ४ ऑक्टोबर २०१९ ला ‘ओको, थीफ ऑफ क्राउन्स’ बाजारात आला. तीन मॅना. त्याची एक करामत कुठल्याही प्राण्याला किंवा यंत्राला तीन-तीनचा, बाकी काहीही न येणारा एल्क करून टाकण्याची होती. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा परदेशी चुलता. चाचणी घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते ते आपल्याच फुटकळ वस्तूचा एल्क करणे. खेळाडूंनी समोरच्याच्या सर्वोत्तम कार्डाचा एल्क करायला सुरुवात केली. महिनाभर स्पर्धांच्या टेबलांवर नुसते कळप चरत होते. १८ नोव्हेंबरला बंदी आली, म्हणजे पुरते सात आठवडेही नाहीत, आणि हा वापर आपण पुरेसा ओळखला नाही अशी कबुली कंपनीने दिली.

पाच वर्षांनी ‘नादू, विंग्ड विज्डम’. आपल्या प्राण्याकडे कुणी नुसते बोट दाखवले तरी गड्डीतले वरचे कार्ड पदरात पाडणारा हा पक्षी. शेवटच्या टप्प्यात मजकूर बदलला आणि बदललेले कार्ड खेळून बघितलेच गेले नाही, हे रचनाकार मायकल मेजर्सने स्वतः लेख लिहून सांगितले. २००५ चे ‘शुको’ नावाचे एक विसरलेले हत्यार होते, ते प्राण्यावर चढवायला शून्य मॅना लागत. शून्य मॅनात कितीही वेळा बोट दाखवता येते. जून २०२४ मध्ये आलेला नादू २६ ऑगस्टला ‘मॉडर्न’ या स्पर्धाप्रकारातून बाद झाला.

राहता राहिला ‘वन विथ नथिंग’. २००५ चे हे कार्ड एक मॅना घेते आणि आपलीच सगळी कार्डे आपल्याला फेकायला लावते, मोबदल्यात काही नाही. याला शून्य गुण देताना कुणाचाच हात थरथरला नाही. पुढच्याच वर्षी एक गड्डी बोकाळली, जी समोरच्याला आग्रह करकरून कार्डे वाढायची आणि ताट भरले की त्याबद्दलच फटके द्यायची. त्या गड्डीविरुद्ध काही खेळाडू हे कार्ड गड्डीबाहेरच्या राखीव पंधरा कार्डांत ठेवून आले.

म्हणून परीक्षकाने गुणपत्रिका पेन्सिलीने लिहावी आणि तारीख टाकू नये. हीलिंग सॅल्व्हपुरते मात्र शाई वापरायला हरकत नाही. ते १९९३ साली टाकाऊ होते आणि आजही टाकाऊच आहे.