शून्य कोणाकडून घ्यावं?

गावच्या घराचं बिल आलं. मागील रीडिंग १८४२, चालू रीडिंग १८४२, वापर शून्य. रक्कम मात्र शून्य नाही. घराला कुलूप, मेन स्विच खाली, मीटरवर कोळ्याचं जाळं, आणि तो कोळी उजेड थेट सूर्याकडून घेतो. तरी 'स्थिर आकार' लागला. त्या आकारावर १६ टक्के वीज शुल्क लागलं. म्हणजे विजेवर नव्हे, विजेच्या अभावावर कर. ज्यांचं कोकणात कुलपातलं घर आहे त्यांना यात नवं काही वाटणार नाही. ते मुकाट भरतात आणि गणपतीला घर उघडतात.

मीही मुकाटच भरणार होतो. पण नेमकं त्याच सकाळी 'पोर्ट करा'वाल्या भाऊंनी लिफ्टमध्ये गाठलं. हे भाऊ तुमच्याही सोसायटीत असतील. मोबाईल पोर्ट, विमा पोर्ट, डोक्यावरचं कर्जसुद्धा दर दोन वर्षांनी नव्या बँकेत.

"आता विजेची कंपनीही सिमकार्डासारखी बदलता येणार बरं का! स्पर्धा येतेय, स्पर्धा."

"मग गावच्या घराला कुठली घेऊ?"

"जी स्वस्त देईल ती."

"काय स्वस्त देईल?"

"वीज!"

"भाऊ, तिथे मी वीज घेतच नाही. मी शून्य घेतो."

लिफ्ट तळाला आली. भाऊ न बोलता उतरले. माझं डोकं मात्र वर जायला लागलं.

कारण प्रश्न खरा आहे. उद्या वाडीत चार कंपन्या आल्या तर मी शून्य कोणाकडून घ्यावं? मला तर बाजार दिसायलाच लागला. पहिली कंपनी सांगेल, आमचं शून्य अखंड असतं, चोवीस तासांत एकदाही खंड पडत नाही. आधीच्यांचं शून्य मध्येच फडफडायचं, तुमचा बंद पंखा खराब व्हायचा. दुसरी म्हणेल, आमचं शून्य हिरवं आहे, पूर्णपणे सौर. तुम्हाला काहीही मिळणार नाही, आणि तेही कोळसा न जाळता. तिसरी वेळेनुसार दर लावेल. चेष्टा नव्हे, २०२३ साली ग्राहक हक्क नियमांत तशी दुरुस्ती झालीच आहे, की ऊन असताना वीज स्वस्त आणि मागणीच्या वेळी महाग. तेव्हा दुपारचं शून्य स्वस्त आणि संध्याकाळचं महाग. जाणकार चाकरमान्याने आपलं घर शक्यतो दुपारीच बंद ठेवावं. चौथी 'भाऊबंद योजना' काढेल. सामायिक घर, सातबाऱ्यावर अकरा नावं, दोघांत बोलणं नाही, तिघे कोर्टात. तर प्रत्येकाला आपापल्या हिश्श्याचं स्वतंत्र शून्य, स्वतंत्र मीटरवर, अकरा स्थिर आकारांसह. आणि यातली एखादी कंपनी बुडाली, की बाकीच्या तिघी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देतील: घाबरू नका, तुमच्या शून्याला धक्का लागणार नाही.

हा 'आकार' शब्द ज्याने बिलात घातला त्याच्या मी शोधात आहे. तो संतवाङ्मयाचा अभ्यासक असावा. निर्गुण निराकाराला आकार देण्याचं काम इथे अनेकांनी केलं, पण त्याची मासिक वसुली कोणाला सुचली नव्हती. विजेला आकार नसतो असं आम्ही शाळेत शिकलो, आणि बिलात बघावं तर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. त्यातल्या त्यात प्रामाणिक तो वहन आकार. तो युनिटवर लागतो. वाहून काही आणलं नाही, तर मागतही नाही. स्थिर आकाराला ती लाज नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात माड आडवे झाले, खांब आडवे झाले, आमची अर्धी कौलं शेजाऱ्याच्या परसात सापडली. सबंध वाडीत स्थिर राहिलं ते एवढंच.

आता स्पर्धेचं. ती येतेय असं भाऊ म्हणतात, पण कायद्याने ती येऊन वीस वर्षांवर झाली. विद्युत कायदा, २००३, कलम १४: एकाच भागात दोघांना किंवा अधिकांना वितरणाचा परवाना देता येतो. फक्त प्रत्येकाने 'स्वतःची वितरण यंत्रणा' आणायची. म्हणजे खांबाशेजारी खांब, तारेशेजारी तार. आमच्या वाडीतला एकुलता एक खांब रायवळ आंब्याला टेकून उभा आहे. दुसरा आला तर तो पहिल्याला टेकेल, आणि आंबा पडला की दोन्ही कंपन्यांची लाइट एकाच वेळी जाईल. ही निकोप स्पर्धा.

मग ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. तार एकच ठेवा, विकणारे अनेक करा, असा त्याचा साधा अर्थ, आणि भाऊंची लिफ्टमधली बातमी ही त्याचीच शिळी वाफ. विधेयक गेलं स्थायी समितीकडे. पण मी ते शून्याच्या नजरेने वाचलं, आणि तिथे गंमत होती. आजच्या कायद्यात स्पर्धा असलेल्या भागात दराची फक्त कमाल मर्यादा ठरवता येते. या विधेयकात किमान दरही ठरवायचा होता. स्पर्धा करा, पण फार स्वस्त होऊ नका. शिवाय जुने वीजखरेदी करार आणि त्यांचा खर्च त्या भागातल्या सगळ्या विक्रेत्यांत वाटायचा. म्हणजे तार तीच, डीपी तीच, वीज त्याच करारांतली, आणि दर वरून खालून बांधलेला. शर्यत लावायची आणि सगळे बैल एकाच जुवाला जुंपायचे, मग कुठली जोडी पुढे आली ते मोठ्या उत्सुकतेने बघायचं!

या जुन्या करारांपाशी माझी थट्टा संपते. वीजनिर्मिती केंद्राशी पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार होतात, आणि त्यात दोन भाग असतात. एक घेतलेल्या विजेचा. दुसरा वीज तयार ठेवल्याचा, ती घेतली नाही तरी द्यायचा. मागणीचे अंदाज फुगवून करार करायचे, मागणी तेवढी निघाली नाही की संच बंद ठेवायला सांगायचं, आणि बंद ठेवल्याचे पैसे भरायचे. हा माझाच स्थिर आकार, फक्त पुढे काही शून्यं जास्त. मी वीज घेत नाही त्याचे पैसे देतो. मला विकणारा वीज घेत नाही त्याचे पैसे देतो. आणि वरचा वीज बनवत नाही त्याचे पैसे घेतो. या सबंध साखळीत कोणी काही करत नाही आणि फुकट कोणी काही करत नाही. खांब, तारा, माणसं यांना खर्च असतो हे मला कळतं. ते द्यायला माझी ना नाही. पण अंदाज चुकवणाऱ्याच्या बिलात 'चुकीचा आकार' अशी एक ओळ कधी आली आहे का? वाडीतल्या काकू दोन बल्ब आणि एक पंखा वापरतात, पंखासुद्धा पाहुणे आले तर. शेजारच्या बंगल्यात एसी आहे. दोन्हीकडे सिंगल फेज, दोघांचा स्थिर आकार सारखा. काकू मला विचारतात, "एवढं कशाचं रे लागतं?" मी काय सांगू? काकू, तुम्ही एक वीजकेंद्र बंद ठेवताय?

पुतण्या इंग्लंडात असतो. तिथे १९९९ पासून घरगुती ग्राहकालाही वीज विकणारा निवडता येतो. पुतण्याने भाऊंच्या वरताण निवडला होता. २०२१च्या हिवाळ्याच्या तोंडावर गॅसचे भाव भडकले आणि विक्रेते पटापट बुडाले. एका सकाळी त्याला कळलं, की आपण झोपेतच दुसऱ्या कंपनीचे ग्राहक झालो. बुडालेल्यांचा खर्च पुढे सगळ्यांच्या 'स्टँडिंग चार्ज'मध्ये घातला. हा त्यांचा स्थिर आकार. आपल्याकडे तो स्थिर असतो, त्यांच्याकडे उभा असतो. बसलेला कुठेच नाही.

जोडणीच तोडून टाका, असं सुचवणारे भेटतात. त्यांनी गणपतीच्या आठ दिवस आधी नवीन जोडणीचा अर्ज, कोटेशन, अनामत रक्कम हे एकदा करून पाहावं. बाप्पा अनंत चतुर्दशीला परत जातील, मीटर दिवाळीला येईल.

तेव्हा भरतो बिल. यंदाही भरलं, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री घर उघडून मेन स्विच वर केला. काहीही झालं नाही. वायरमनला फोन लावला. "डीपी गेलीय, सकाळपर्यंत होईल." सौ. समई शोधायला आत गेल्या. मी पडवीत बसलो, मीटरवर टॉर्च मारला. १८४२.

अकरा महिने आमच्या माघारी वापरलं गेलेलं ते शून्य त्या रात्री प्रथमच आम्ही सहकुटुंब घरात बसून वापरलं.