वर विस्तव, खाली विस्तव

विरारमधल्या फुलपाड्याच्या पिझ्झात बेसला काडीची किंमत नाही. तो किराणा दुकानाच्या दारात, वेफर्सच्या माळांशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत लटकलेला असतो. पांढराफटक, अंगभर टोचल्याच्या खुणा. संध्याकाळी गाडीवाला त्याला बटर चोपडून तव्यावर टाकतो. त्यावर लाल सॉस, सॉसवर शेजवान, मग कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, पनीर. मग किसणीवर चीजची वीट धरून तो असा हात चालवतो की खाली काय काय घातलं होतं हे त्याचं त्यालाही आठवू नये. वर झाकण, कडेने पाण्याचा हबका आणि शेवटी मेयोनीजची रांगोळी. एवढं होऊनही गिऱ्हाईक म्हणतंच, “भाऊ, चीज जरा हात सोडून टाका ना.”

मी या पिझ्झाचा निंदक नाही. चर्चगेटहून उभ्याने विरारला आलेल्या माणसाला तो पूर्णब्रह्म वाटतो. पण त्याला पिझ्झा म्हणायचं ते प्रेमापोटी. मुळात ते चीज घातलेलं थालीपीठ, आणि थालीपीठ म्हणून उत्तम.

परदेशी कंपन्यांचे पिझ्झे भारतात १९९६ साली आले. मराठी घराला त्यांची कायमची देणगी म्हणजे ओरेगानो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या. पिझ्झा वर्षातून दोनदा येतो, पुड्या मात्र फ्रिजच्या दारात बारमाही. आमच्याकडे त्या आम्लेटवर पडतात, उपम्यावर पडतात, आणि एकदा वरणावरही पडल्या होत्या. आईने ते वरण मुकाट्याने खाल्लं आणि नंतर विचारलं, “ओवा जुना होता का रे?”

आईची जीभ खोटं बोलत नाही. खिडकीतल्या कुंडीत ज्या पानओव्याची आपण भजी करतो, त्याच्या तेलात आणि ओरेगानोच्या तेलात कार्व्हाक्रोल नावाचा एकच वासाचा ऐवज असतो. तेव्हा पुड्या जपायचं कारण नाही. दोन पानं चुरगळली की काम झालं.

खरा पिझ्झा इटलीतल्या नेपल्सचा. वसईत १५३४ साली पोर्तुगीजांऐवजी नेपल्सवाले उतरले असते, तर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांना किल्ल्यात तोफांबरोबर भट्ट्याही मिळाल्या असत्या. पोर्तुगीजांनी आपली पावावर बोळवण केली. राणी मार्गेरितासाठी १८८९ मध्ये टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या कुळातल्या बेसिलचा पिझ्झा केला, अशी गोष्ट तिकडे सांगतात. तिकडच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा वारसा ठरवलं. तिथल्या लाकडाच्या भट्टीत ४३० ते ४८० अंश सेल्सिअसची धग असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. घरच्या ओव्हनची धाव २५० अंशांपर्यंत. तिथे पिझ्झा भाजत नाही, वाळतो.

अमेरिकेत ही धग परसातल्या ग्रिलवर काढतात. फुलपाड्यात जुन्या घरांना परसदार होतं, त्यात विहीर, केळी आणि आंघोळीचा बंब होता. आता परसावर इमारत आहे आणि इमारतीवर गच्ची. त्यामुळे आमचा ग्रिल म्हणजे कोळशाची शेगडी आणि परवानगी सेक्रेटरींची.

“टाकीत राख पडेल,” ते म्हणाले.

“टाकीच्या पलीकडे लावू.”

“धूर होईल.”

“पिझ्झा आहे, काका.”

त्यांनी जीवदानीच्या डोंगराकडे बघून थोडा विचार केला. “मग एक जैन ठेवा. कांदा-लसूण नको हां.”

आता कृती. अर्धा किलो मैदा, ३०० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ आणि चिमूटभर यीस्ट. रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवायचं. आपण ऑफिसला जाऊन धक्के खात असतो तेव्हा पीठ निवांत आंबत असतं. आल्यावर चार गोळे करून तास-दोन तास बाहेर ठेवायचे. लाटणं आणायचं नाही, कारण त्याने आतली हवा मरते. बोटांनी थापायचं, कड जाड ठेवायची.

शेगडीवर बिडाचा तवा चांगला तापवावा. इथेच सगळ्यांची गाडी अडते. बूड करपतं आणि वर चीज गार. कारण भट्टीला घुमट असतो, शेगडीला नसतो. त्यावर उपाय लोखंडी घमेलं, पण जस्ताचा मुलामा नसलेलं आणि आधी रिकामं तापवून घेतलेलं. ते पिझ्झावर उपडं घालायचं आणि त्याच्या बुडावर चिमट्याने निखारे रचायचे. परातीच्या पालथ्या बाजूवर रवा भुरभुरला की पिझ्झा तव्यावर अलगद घसरतो. तीन-चार मिनिटांत कड फुगते आणि तिच्यावर काळे ठिपके उमटतात.

हे बघून पहिल्या मजल्यावरच्या मालवणी आजी म्हणाल्या, “ह्यात काय नवीन? आम्ही धोंडस असंच करायचो.” खरंच आहे. झाकणावर निखारे ठेवून काकडीचा केक भाजणाऱ्या बाईला नेपल्स काय शिकवणार?

उरला प्रश्न वर काय घालायचं याचा. गच्चीवर जमलेल्या प्रत्येकाच्या हातात वाटी होती. कुणाची पनीरची, कुणाची मक्याची, एका वहिनींची चक्क उकडलेल्या बटाट्याची. पण ओझं वाढलं की पाणी सुटतं आणि मधला भाग कच्चा राहतो. नेपल्सच्या मारिनारावर चीजसुद्धा नसतं. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस्स. फार तर दोन जिन्नस घाला. मोझरेला निथळून घ्या. प्रोसेस्ड चीज गाडीवाल्याकडेच शोभतं, त्याला तार येत नाही.

आणि इटलीत अँकोव्ही घालतात म्हणून परदेशी डबा शोधत फिरू नका. आपली मांदेली त्याच घराण्यातली. अर्नाळ्याची सुकी मांदेली घ्या, डोकं काढा, धुऊन तव्यावर कुरकुरीत भाजा आणि पिझ्झा उतरल्यावर वरून टाका. फक्त क्रम सांभाळा : सेक्रेटरींचा जैन सर्वांत आधी, मांदेलीचा सर्वांत शेवटी. तवा एकदा बाटला की पुढच्या वर्षीची परवानगी गेली.